गाणं घरात आलं, दार उघडं राहिलं

‘उतरवून घेणं’ हा आपला जुना शब्द. शेजारणीकडून लोणच्याचं प्रमाण उतरवून घ्यायचं, भजनी मंडळातल्या वहीतून अभंग उतरवून घ्यायचा. आमच्या आईच्या वेळी कॅसेटच्या दुकानात पंधरा-वीस गाण्यांची यादी नि कोरी कॅसेट देऊन यायचं, की चार दिवसांनी दुकानदार ती ‘भरून’ द्यायचा. (ते कायद्यात बसतं की नाही, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यातही येत नसे!) या साऱ्यात एक गोष्ट सारखी होती. घेणारा घ्यायचा नि घरी जायचा. त्याच्या घरातून पुढे कुणी काही नेत नसे. निदान त्याला विचारल्यावाचून तरी नाही.

संगणकावर गाणी नि सिनेमे उतरवून घ्यायची जी तऱ्हा गेल्या पंचवीस वर्षांत रुळली, तिच्यात मात्र हे उलटं झालं. तिला ‘पीअर टू पीअर’ म्हणतात. म्हणजे बरोबरीच्यांनी बरोबरीच्यांशी केलेली देवाणघेवाण. इथे दुकान नाही, दुकानदार नाही. तुमच्या घरातला संगणक हेच दुकान! घेणारा घेत असतानाच देऊही लागतो, आणि पुष्कळदा आपण देतो आहोत याची घरात कुणालाच दाद नसते.

हा विषय डोक्यात आला तो माझ्या नववीच्या वर्गामुळे. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. एका ऑफ तासाला एका मुलीने विचारलं, “बाई, टोरंटवरून सिनेमा घेणं म्हणजे चोरी का हो?” झालं! वर्गाचे दोन तट पडले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, मी नुसता घेत नाही, रात्रभर चालू ठेवतो. म्हणजे दुसऱ्यांनाही मिळतं.” बिचारा अगदी अभिमानाने सांगत होता. आपण चार जणांना वाटून खातो, असा त्याचा भाव. पण कायद्याचा डोळा आहे तो नेमका त्या वाटण्यावर. हे त्याला नीट समजावून द्यायचं तर गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

वसतिगृहातला मुलगा

१९९० नंतर ‘एमपी३’ नावाची युक्ती निघाली. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांचा तिच्यात मोठा वाटा. कानाला जे फारसं जाणवत नाही ते गाण्यातून गाळून टाकायचं, म्हणजे गाणं साधारण दहाव्या हिश्श्यात मावतं. रव्यातला कोंडा चाळून काढावा तसं. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या त्या वेळच्या सावकाश इंटरनेटवरही एक गाणं दहा-पंधरा मिनिटांत उतरू लागलं. अडचण होती ती गाणं सापडण्याची. आज या पत्त्यावर, तर उद्या तिथून गायब.

बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकणाऱ्या शॉन फॅनिंग या मुलाने आपल्या खोलीतल्या मित्राची हीच कुरकुर ऐकली. मग त्याने एक प्रोग्रॅम लिहिला आणि जून १९९९ मध्ये तो लोकांसाठी खुला केला. त्याचं नाव नॅप्स्टर. फॅनिंग तेव्हा अठरा वर्षांचा होता. कॉलेज त्याने मध्येच सोडलं. शॉन पार्कर हा त्याच्याच वयाचा जोडीदार त्याला मिळाला.

नॅप्स्टरची रचना अशी होती, की गाणी ज्याच्या त्याच्या घरीच राहायची. नॅप्स्टरकडे असायची फक्त यादी. कुणाकडे काय आहे त्याची. चाळीतल्या एखाद्या माहितगार आजी असतात ना, तशी. “पुरणयंत्र हवंय? तिसऱ्या मजल्यावर कुलकर्ण्यांकडे आहे, त्यांच्याकडून घे.” आजी स्वतः पुरणयंत्र देत नाहीत, पत्ता तेवढा सांगतात. पुढे तुम्ही नि कुलकर्णी! फरक एवढाच, की पुरणयंत्र नेलं तर कुलकर्ण्यांकडे उरत नाही. गाणं मात्र दिलं तरी देणाऱ्याकडे तसंच राहतं. साऱ्या भांडणाचं मूळ इथे आहे.

दीड-दोन वर्षांत कोट्यवधी लोक नॅप्स्टर वापरू लागले. गाणं लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला त्यातून छदामही मिळेना. डिसेंबर १९९९ मध्ये ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी दावा लावला, आणि एप्रिल २००० मध्ये मेटॅलिका या बँडनेही. आपली गाणी वाटणाऱ्या ३,३५,४३५ नावांची यादी मेटॅलिकाने खोकी भरभरून नॅप्स्टरच्या दारात नेऊन ठेवली. पोरांनी त्यांची टिंगल केली. पण मला विचाराल तर त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. घरात शिवणकाम करणाऱ्या बाईला ‘तुझं काम फार सुंदर आहे हो’ म्हणत फुकट शिवून घेणारे आपण पाहिलेले आहेतच.

न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांनी नॅप्स्टरविरुद्ध निकाल दिला, २००१ च्या फेब्रुवारीत वरच्या कोर्टानेही तो मुख्यतः उचलून धरला, आणि जुलै २००१ मध्ये नॅप्स्टरची ती सेवा बंद पडली. बंद पाडता आली याचं कारण उघड आहे. आजी एकच होत्या, आणि त्यांचा पत्ता कोर्टाला ठाऊक होता.

आजीच नको!

हा धडा इतर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीही घेतला. एकाला बंद केलं की सगळं थांबतं ना? मग तो एक ठेवायचाच नाही.

मार्च २००० मध्येच जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी न्यूटेला नावाचा प्रोग्रॅम बाहेर सोडला होता. त्यांची नलसॉफ्ट ही कंपनी तेव्हा एओएल या बड्या कंपनीच्या मालकीची. मालकांनी दुसऱ्याच दिवशी तो मागे घ्यायला लावला, पण तोवर हजारोंनी उतरवून घेतला होता. न्यूटेलात मधली यादीच नाही. तुम्ही गाणं मागितलं की तुमचा संगणक चार शेजाऱ्यांना विचारतो, ते त्यांच्या चौघांना विचारतात, आणि कुणाकडे सापडलं की निरोप आल्या वाटेने परत येतो. वाड्यातली बातमी पसरावी तशी ही तऱ्हा. बंद कुणाला करणार? दोष एवढाच, की बातमी फिरवण्यातच साऱ्यांची दमछाक व्हायची.

२००१ मध्ये काझा आला. स्वीडनचे निक्लास झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस या दोघांनी एस्टोनियातल्या तीन प्रोग्रॅमरांकडून तो लिहून घेतला. त्यांनी मधला मार्ग काढला. ज्यांचे संगणक नि जोडण्या दमदार, त्यांच्याकडे आसपासच्यांच्या याद्या आपोआप सोपवायच्या. म्हणजे प्रत्येक आळीला एक आजी, आणि एक गेली की लगेच दुसरी! गंमत म्हणजे आपण आजी झालो आहोत, हे त्या संगणकाच्या मालकाला बहुधा कळतही नसे.

त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने बिटटोरंट आणलं. आज मुलं ज्याला नुसतं ‘टोरंट’ म्हणतात ते हेच. त्याची युक्ती मला खरोखर आवडली, म्हणून ती सविस्तर सांगते.

समजा, एका मैत्रिणीकडे चाळीस पानांची पाककृतींची वही आहे आणि दहा जणींना ती हवी आहे. पूर्वीच्या रीतीने दहाही जणी तिच्या दारात रांग लावणार. तिचा दिवस गेला आणि शेवटचीचा आठवडा. बिटटोरंटची रीत वेगळी. प्रत्येकीने वेगवेगळी चार पानं उतरवून घ्यायची आणि मग आपापसांत अदलाबदल करायची. माझ्याकडे अनारसे आहेत, तुझ्याकडे चिरोटे, दे-घे. जे पान सर्वांत कमी जणींकडे असेल ते आधी उतरवायचं, म्हणजे मूळ मैत्रीण माहेरी निघून गेली तरी वही अपुरी राहत नाही. प्रत्येक पानाला एक खूणगाठ असते. मजकूर जरा जरी बदलला तरी ती जुळत नाही आणि पान टाकून दिलं जातं. आणि भिशीचा हप्ता बुडवणारीला जसं कुणी फारसं विचारत नाही, तसं जो देत नाही त्याला इथे सावकाश मिळतं. त्यामुळे घेणारे वाढले की गर्दी होण्याऐवजी काम उलट भराभर होतं. सुरुवातीला कुणाकडे कोणतं पान आहे हे सांगणारा एक सर्व्हर लागायचा. २००५ पासून त्याच्यावाचूनही चालू लागलं.

हुशारीला दाद द्यायलाच हवी. पण बायांनो, एक पाहिलंत का? दर पावलाला मधला माणूस बाहेर गेला आणि त्याचं काम आपल्या घरात आलं. यादी आपल्याकडे, माल आपल्याकडे, पोचवणंही आपल्याकडे. मग जबाबदारी तरी दुसरीकडे कुठे जाईल?

बिल ज्याच्या नावावर

८ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी एकदम २६१ सामान्य लोकांवर दावे लावले. माणूस शोधायची रीत अगदी साधी होती. आपणही तोच प्रोग्रॅम लावून बसायचं, कोणत्या संगणकावर कुठली गाणी वाटायला ठेवली आहेत ते पाहायचं, त्याचा इंटरनेटवरचा क्रमांक टिपायचा आणि इंटरनेट कंपनीकडून त्या क्रमांकामागचं नाव मिळवायचं. नाव निघे ते बिल भरणाऱ्याचं. गाणी बहुतेक मुलांनी घेतलेली, आणि कागद येई आईच्या किंवा बाबांच्या हातात.

त्या पहिल्या खेपेत न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतीत राहणारी बारा वर्षांची एक शाळकरी मुलगी होती. आईने काझाला तीसेक डॉलर भरले होते, म्हणून सगळं रीतसर आहे अशी घरच्यांची समजूत. पैसे भरले होते ते प्रोग्रॅमचे, गाण्यांचे नव्हेत! दोन हजार डॉलर देऊन आईने प्रकरण मिटवलं.

मिनेसोटातली एक आई मात्र मिटवायला तयार झाली नाही. एकटीने मुलं वाढवणारी, नोकरी करणारी बाई. दावा होता चोवीस गाण्यांचा. तिच्या संगणकावरच्या काझाच्या फोल्डरमध्ये ती इतरांना घेता येतील अशी ठेवलेली होती. आपण ते केलंच नाही, असं तिचं म्हणणं. २००७ मध्ये ज्यूरीने दंड ठरवला २,२२,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ऐंशी-नव्वद लाख रुपये. खटला पुन्हा चालला, तर २००९ मध्ये आकडा झाला १९ लाख २० हजार डॉलर! न्यायाधीशांनाच ते भयंकर वाटलं, त्यांनी तो ५४,००० वर आणला. तिसऱ्यांदा ज्यूरी बसली नि १५ लाख म्हणाली. पुन्हा कपात, पुन्हा अपील. शेवटी २०१२ मध्ये वरच्या कोर्टाने पहिलाच आकडा कायम केला, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घ्यायला नकार दिला. चोवीस गाणी! २००३ पासून ॲपलच्या इंटरनेटवरच्या दुकानात एक गाणं ९९ सेंटला मिळत होतं.

कंपन्यांचं नुकसान होत होतं हे मला मान्य आहे. पण चोवीस गाण्यांसाठी एका घराचं सारं आयुष्य गहाण टाकणारा हा हिशेब मला पटत नाही. असे हजारो दावे झाल्यावर डिसेंबर २००८ मध्ये कंपन्यांनी ही रीत थांबवत असल्याचं जाहीर केलं.

प्रोग्रॅम काढणारे अगदीच सुटले असंही नाही. व्हिडिओ रेकॉर्डरवर कुणी काय टिपतो याला तो बनवणारी कंपनी जबाबदार नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ठरवलं होतं. त्याच न्यायालयाने २००५ मध्ये ग्रोक्स्टरच्या खटल्यात म्हटलं, की लोकांना नक्कल करायला उत्तेजन देऊनच धंदा चालवलात तर तुम्हीही जबाबदार. लाइमवायर २०१० मध्ये बंद पडलं आणि पुढच्या वर्षी त्याने साडेदहा कोटी डॉलर भरून तडजोड केली. स्वीडनच्या ‘पायरेट बे’वाल्यांना २००९ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. पण बिटटोरंट ही शेवटी एक रीत आहे. रीतीला कोण पकडणार?

कपाटाचं दार

गाण्यांचं एक बाजूला ठेवा. गृहिणीने जास्त घाबरावं असं मला वाटतं ते निराळंच आहे.

२००२ मध्ये नेथन गुड आणि ॲरन क्रेकेलबर्ग या दोघा संशोधकांनी काझाची पाहणी केली. ‘उतरवलेलं कुठे ठेवू?’ असं प्रोग्रॅम विचारी, आणि जी जागा दाखवावी ती, तिच्या पोटातल्या साऱ्या फोल्डरांसह, आपोआप वाटपात जाई. एखाद्याने सरळ ‘सी ड्राइव्ह’ म्हटलं, तर घरचा सगळा हिशेबठिशेब, पत्रं, बँकेचे कागद जगासाठी खुले! पाहणीतल्या बारा जणांना विचारलं, की या संगणकावरून नक्की काय काय वाटलं जातं आहे? बरोबर उत्तर फक्त दोघांना देता आलं. मग त्यांनी ‘क्रेडिट कार्ड्‌स’ अशा नावाची खोटीच फाइल मुद्दाम ठेवून पाहिली, तर अनोळखी लोकांनी ती उचललीदेखील. म्हणजे असं शोधत फिरणारेही होते.

आणि हे फक्त अडाण्यांच्या घरी होतं असं समजू नका. अमेरिकन संसदेच्या नीतिमत्ता समितीचा गुप्त अहवाल २००९ मध्ये वर्तमानपत्राच्या हाती लागला, तो असाच. एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने काम घरी आणलं होतं, आणि घरच्या संगणकावर फाइलींच्या वाटपाचा प्रोग्रॅम होता.

आपल्याकडे

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ६३ व्या कलमात पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल, तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. सिनेमा लागायच्या सुमाराला कंपन्या अनोळखी प्रतिवाद्यांविरुद्ध आदेश मिळवतात, त्यांना आपल्याकडे ‘अशोक कुमार’ आदेश असं मजेशीर नाव पडलं आहे. खरा माणूस ठाऊक नाही ना, मग हा कल्पित अशोक कुमार!

२०१६ मध्ये बंद केलेल्या संकेतस्थळांवर एक धमकीवजा पाटी दिसू लागली होती, की इथलं काही नुसतं पाहिलंत तरी तीन वर्षांची कैद. पुष्कळ घरांत तेव्हा घबराट झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती भाषा दुरुस्त करायला लावली. नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, परवानगीवाचून वितरण करणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा, असं त्यांनी स्पष्ट केलं.

मी काही वकील नाही. पण माझ्या वर्गातल्या त्या मुलाला मी हेच वितरण समजावून सांगितलं. “तू पहिलं पान उतरवलंस, की त्याच क्षणापासून तुझा संगणक ते दुसऱ्याला देऊ लागतो. घेणं आणि वितरण इथे वेगळं राहत नाही.” तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पण बाई, मग ते बनवलंच कशाला?”

प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर चांगलं आहे. काझावाल्या मंडळींनीच २००३ मध्ये त्याच पद्धतीवर स्काइप उभं केलं. मुलगी-जावई अमेरिकेत असलेल्या किती आज्यांनी नातवंडांची तोंडं त्यात पाहिली असतील! (२०२५ च्या मे महिन्यात ते बंद झालं.) ‘स्पॉटिफाय’वर रीतसर गाणी ऐकवण्यासाठी २०१४ पर्यंत हीच युक्ती वापरत. उबुंटू, लिबरऑफिस यांसारखी फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर टोरंटने मिळतात. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या मोठ्या ग्रंथसंग्रहाने २०१२ पासून आपली पुस्तकं नि ध्वनिमुद्रणं अशीही उपलब्ध केली आहेत. देणाऱ्याची परवानगी असेल तिथे रात्रभर चालू ठेवलं तर ती समाजसेवाच! त्या मुलाला मी उबुंटू उतरवायला सांगितलं आहे. त्याच्या वाटून खायच्या हौसेला तेवढी चांगली जागा मिळाली.

आता घरात काय पाहायचं ते सांगते. मुलांच्या संगणकावर टोरंटचा प्रोग्रॅम असेल तर तो उघडून ‘सीडिंग’ असं लिहिलेल्या ओळी पाहा. त्या आत्ता, या क्षणी, आपल्या घरातून दिल्या जात आहेत. कोणत्या आहेत ते मुलालाच वाचून दाखवायला सांगा. उतरवण्याची जागा एका वेगळ्या रिकाम्या फोल्डरपुरती ठेवा. कागदपत्रं तिथे नकोत. सिनेमाच्या नावापुढे ‘डॉट ईएक्सई’ असं शेपूट दिसलं तर तो सिनेमा नव्हे, प्रोग्रॅम आहे. त्याला हात लावू नका. विंडोजसुद्धा २०१५ पासून आपले अपडेट असे घराघरांतून वाटू शकतं. सेटिंग्जमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ या नावाखाली ते घरातल्या संगणकांपुरतं ठेवता येतं किंवा बंद करता येतं. ज्यांचं इंटरनेट मोजून मिळतं त्यांनी तर जरूर पाहावं.

आणि खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली म्हणजे टोरंट बंद झालं असं नाही हं. बहुतेक प्रोग्रॅम तेवढ्याने नुसते नजरेआड होतात. खाली घड्याळाजवळ त्याचं बारीकसं चिन्ह असतं, त्यावर उजवं बटण दाबून ‘एक्झिट’ म्हणायचं.